३,००० मीटरसाठी कार्बन फायबरची नळी: वजन वाचवावं की नाद सोडावा?

खारावारा (प्रश्न)

समुद्रतळावर बसणाऱ्या मानवरहित लँडरच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी दाबनळी ठरवायची आहे. खोली ३,००० मीटर, म्हणजे बाहेरून सुमारे ३०.४ मेगापास्कल. आतला व्यास २०० मिमी, लांबी ६०० मिमी.

ग्रेड ५ टायटॅनियमची १० मिमी जाड नळी घेतली तर नुसती नळी साडेसतरा किलो भरते आणि पाण्यात जेमतेम ६ किलो उचल देते. दोन्ही टोकांना ३५ मिमीची सपाट झाकणं लावली की सगळं मिळून ३ किलोने बुडतं, तेही आत काही भरण्याआधी. कार्बन फायबर-इपॉक्सीत १५ मिमी जाडी धरली तर नळी साडेनऊ किलोची होते आणि उचल १६ किलोवर जाते. सरळ १० किलोंचा फायदा.

पण टायटनवरचे (२०२३ मध्ये पाच जणांसह फुटलेलं कार्बन नळीचं यान) दोन्ही अहवाल वाचलेत, अमेरिकन कोस्ट गार्डचा ऑगस्ट २०२५चा आणि एनटीएसबी या अमेरिकी अपघात तपास संस्थेचा ऑक्टोबर २०२५चा, आणि हात आखडतोय. तीन शंका आहेत.

१) टायटनच्या नळीचा आतला व्यास १.४२ मीटर, जाडी १२७ मिमी. ३,८०० मीटरवर ३८ मेगापास्कल धरून लामेच्या (जाड नळीतला स्ट्रेस काढायच्या) सूत्राने आतल्या पृष्ठावर परिघाच्या दिशेचा स्ट्रेस सुमारे २७० मेगापास्कल येतो. कॅटलॉगमध्ये कार्बन-इपॉक्सीची दाबाखालची ताकद १,२०० ते १,५०० दिलेली असते. चौपट-पाचपट मार्जिन असताना हल (दाब सोसणारं कवच) फुटलं कसं?

२) त्यात ध्वनी सेन्सर आणि स्ट्रेन गेज होते. ते असूनही उपयोग का झाला नाही?

३) आत माणूसच नसेल तर हा सगळा बाऊ करायचं कारण उरतं का?

---

थरावरथर

पहिल्या शंकेतली गोम त्या "चौपट मार्जिन"मध्येच आहे. २७० बरोबर आहे, पण तो सर्व दिशांना सारख्या असलेल्या पदार्थाचा आकडा. लॅमिनेटमध्ये, म्हणजे धागे आणि रेझिनच्या थरांच्या पदार्थात, काही थर परिघावर जातात, काही लांबीच्या दिशेने. वाटणी दोनास एक धरली तर परिघाचा जवळपास सगळा भार दोन-तृतीयांश थरांवर पडतो, म्हणजे त्या थरांत ४०० मेगापास्कलच्या आसपास.

आता ताकदीकडे या. कॅटलॉगमधले १,२०० हे दोन-तीन मिमी जाडीच्या, सरळ धाग्यांच्या, लाडाने बनवलेल्या पट्टीवर मोजलेले असतात. दाबाखाली धागा चिरडून जायच्या आधी वाकतो, आणि त्याला सरळ धरून ठेवायचं काम रेझिनचं असतं. धागा मुळातच थोडा तिरका असेल तर रेझिनवर शिअर (थर एकमेकांवरून सरकवणारा भार) येतो, रेझिन ढिलं पडतं आणि धाग्यांचा एक अख्खा पट्टा एकदम मोडतो. हाच किंक बँड. बुडियान्स्कीच्या सूत्राने ही ताकद म्हणजे रेझिनची शिअर यील्ड (ज्या स्ट्रेसला ते कायमचं ढिलं पडतं), भागिले धाग्याचा तिरकेपणा (रेडियनमध्ये) अधिक यील्डच्या वेळची शिअर स्ट्रेन. यील्ड ७० मेगापास्कल आणि स्ट्रेन ०.०१४ घेऊन पाहा:

३ अंश तिरकेपणा: सुमारे १,०५० मेगापास्कल
५ अंश: सुमारे ६९०
१० अंश: सुमारे ३७०

म्हणजे दहा अंशांच्या सुरकुतीत मार्जिन शून्याखाली गेलं. ताकदीचा आकडा कॅटलॉगातून येत नाही, तुमच्या नळीतल्या सगळ्यात वाईट सुरकुतीतून येतो.

दहा अंश खूप वाटतात, पण जाड नळीत तेवढे सहज येतात. मांडलेले थर क्युअर होताना, म्हणजे रेझिन कडक होताना, दबून बसतात. समजा एवढ्या जाडीत बाहेरचा थर २ मिमी आत सरकला. त्याचा परीघ १२.६ मिमीने कमी झाला, धाग्याची लांबी मात्र तेवढीच राहिली. ती जादा लांबी जाणार कुठे? सुरकुतीत. आणि पुढचा प्रत्येक थर खालच्या सुरकुतीवर बसून ती मोठी करत जातो.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे थोडी जाडी मांडायची, क्युअर करायची, मग पुढची. टायटनच्या दुसऱ्या हलमध्ये साधारण २५ मिमीचे पाच थर असेच वेगवेगळे क्युअर करून अ‍ॅडहेसिव्हने एकावर एक जोडले होते. त्यातून चार असे सांधे तयार झाले ज्यांना ओलांडणारा एकही धागा नाही. शिवाय पुढचा थर बसावा म्हणून आधीच्या थराचे उंचवटे घासले की तिथले धागे कापले जातात, आणि सुरकुती गेली असं वरून दिसतं फक्त. एनटीएसबीच्या तपासणीत सुरकुत्या, सच्छिद्रता, पोकळ्या हे सगळं सापडलं आणि वर काढलेले तुकडे याच जोडांवर सोललेले होते.

तुमची १५ मिमीची नळी यातल्या बऱ्याच भानगडींतून सुटते, पण आपोआप नाही. दर तीन-चार थरांनी व्हॅक्यूम लावून दाबून घ्या. गुंडाळताना धाग्याची ओढ सतत मोजा. ती मधेच सैल झाली तर त्या जागेची नोंद करा. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भट्टीत) ६-७ बार, पोकळ्या १ टक्क्याखाली. नळी ७०० मिमी लांब बनवा, दोन्ही टोकांचे ५० मिमी कापा, काप पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली तिरकेपणा मोजा. ३ अंशांपेक्षा जास्त निघाला तर ती नळी लँडरवर जाणार नाही, हे कापण्याआधीच लिहून ठेवा. कापल्यानंतर ठरवायला बसलं की माणूस चार अंशही चालवून घेतो.

---

तन्यता

थरांचं वर आलंय. मला टोकांबद्दल लिहायचंय, कारण कार्बनची नळी टोकापाशी संपते आणि तिथून धातू सुरू होतो.

टायटनच्या नळीच्या टोकाला बसवलेल्या टायटॅनियमच्या गोलार्धावर ३,८०० मीटरवर साधारण ८,५०० टन भार येत होता. हा भार सांध्याला दाबून बसवतो, म्हणून लोकांना वाटतं की सांध्याची काळजी नको. पण तळाशी टायटॅनियमची रिंग आणि कार्बनची नळी सारख्या आकुंचन पावत नाहीत. टायटॅनियमचा मापांक (ताठरपणा) ११४ गिगापास्कल, दोन दिशांच्या लॅमिनेटचा वेगळा आणि दिशेनुसार बदलणारा. फरक पडतो तिथे चिकट थराच्या कडेला शिअर आणि वाकण दोन्ही येतं, प्रत्येक डुबकीला.

तापमानाचा फरक त्यात मिळवा. टायटॅनियम दर अंशाला दहा लाखांत ८.६ भाग प्रसरण पावतं, धाग्यांच्या दिशेने लॅमिनेट त्याच्या काही अंशानेच. तुमच्या नळीला उन्हातल्या डेकवर ४५ अंश आणि तळाशी २ अंश धरले तर टायटॅनियमची रिंग व्यासात सुमारे ०.०८ मिमी आकसते, आणि चिकट थर असतो ०.२ मिमीचा! ठिसूळ अ‍ॅडहेसिव्ह घेतलं तर अशा फेऱ्यांत कडेला चीर सुरू होऊ शकते. रबर मिसळलेलं, थोडं लवचिक अ‍ॅडहेसिव्ह इथे बरं, आणि थराची जाडी काचमण्यांनी पक्की करा.

बाकी पथ्यं:

टायटॅनियम स्वच्छ करून अ‍ॅल्युमिनाने ब्लास्ट करा, प्रायमर लावा, त्याच दिवशी चिकटवा. ब्लास्ट करून रात्रभर ठेवलेला तुकडा पुन्हा पहिल्यापासून.

कार्बनच्या कापलेल्या टोकात धाग्यांची तोंडं उघडी असतात. ती रेझिनने बंद करा, नाहीतर तिथून पाणी झिरपतं. टोक सपाट आणि अक्षाला काटकोनात हवं. उंच बाजूवर भार आला की टोक फुलून फुटतं.

ओ-रिंगची खाच कार्बनमध्ये कधीच नको. ती टायटॅनियमच्या रिंगमध्येच.

उचलण्याच्या कड्या टोकाच्या रिंगला लावू नका. सांधा दाबासाठी केलेला असतो, ओढीसाठी नाही. नळीखाली पाळणा द्या आणि तो उचला.

अ‍ॅल्युमिनियमची झाकणं कार्बनला खेटली तर समुद्राच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम खाऊन जाईल. टायटॅनियमला हा त्रास नाही.

तपासणीबद्दल एक. १५ मिमी लॅमिनेट २.२५ ते ५ मेगाहर्ट्झच्या अल्ट्रासॉनिकने नीट दिसतं. १२७ मिमीमध्ये, त्यातून सच्छिद्र असेल तर, ०.५-१ मेगाहर्ट्झवर उतरावं लागतं आणि मग बारीक दोष दिसत नाहीत. पण दोन्हीकडे एक गोष्ट अल्ट्रासॉनिकला दिसतच नाही: पृष्ठभाग एकमेकांना टेकलेत पण चिकटलेले नाहीत असा सांधा. त्यातून ध्वनी आरामात पार जातो. म्हणून त्याच दिवशी, त्याच डब्यातल्या अ‍ॅडहेसिव्हने दहा लॅप-शिअर पट्ट्या (एकमेकींवर चिकटवून ओढून तोडायचे नमुने) बनवा. पाच कोरड्या तोडा, पाच तीन आठवडे मिठाच्या पाण्यात ठेवून तोडा. ओल्या पट्ट्या धातूच्या पृष्ठावरून स्वच्छ सुटल्या तर तयारी चुकली आहे, ताकदीचा आकडा कितीही चांगला असो.

---

सागरगोटा

सूर हळूहळू "कार्बन म्हणजे घात" असा लागतोय. मला तो पूर्ण पटत नाही.

अमेरिकन नौदलाच्या ऑस या मानवरहित शोधयानाचं हल ग्रॅफाइट-इपॉक्सीच्या नळीचं आणि टायटॅनियमच्या गोलार्धांचं होतं, ६,००० मीटरसाठी, तेही १९८०च्या दशकात. कल्पना कागदावर टायटनसारखीच आहे. त्यामुळे "कार्बन दाबाखाली चालतच नाही" हे विधान टिकत नाही.

दुसरी बाजू बघा. जपानच्या शिंकाई ६५०० या मानवी यानाचा गोल टायटॅनियमचा, आतला व्यास २ मीटर, जाडी ७३.५ मिमी. ६,५०० मीटरवर त्याच्या आतल्या पृष्ठावर ५०० मेगापास्कलच्या वर स्ट्रेस येतो. म्हणजे खारावारा यांच्या हिशेबातल्या टायटनच्या दुप्पट, आणि यील्डशी तुलना केली तर मार्जिन दुपटीपेक्षा कमी! तरीही त्या गोलात माणसं निर्धास्त बसतात. टायटनचं मार्जिन कागदावर मोठं होतं आणि शिंकाईचं लहान आहे.

फरक माहितीचा आहे. टायटॅनियमच्या एका बॅचमधले नमुने तोडले तर आकडे एकमेकांच्या जवळ येतात. कुठे स्ट्रेस जास्त झाला तर तिथे धातू थोडा यील्ड होऊन भार शेजारी देतो. चीर दर फेरीला किती वाढते याचे तक्ते आहेत, आणि घातक आकाराच्या बऱ्याच आधी ती तपासणीत दिसते. जाड कार्बन हलबद्दल यातलं काहीच हातात नव्हतं: आकड्यांचा विखुरलेपणा किती, दर डुबकीला नुकसान किती साठतं, आणि किती मोठा दोष दिसू शकतो. मटेरियल प्रायोगिक ठरतं ते या तीन रिकाम्या रकान्यांमुळे. नवं असण्याशी त्याचा संबंध थोडाच. टायटॅनियमही एकेकाळी नवंच होतं. अल्विन या अमेरिकी संशोधन-पाणबुडीचा पोलादी गोल बदलून टायटॅनियमचा बसला तो १९७३ मध्ये.

(टायटॅनियमलाही खोडी आहेत. यील्डच्या जवळ बराच वेळ भार धरून ठेवला तर ते सामान्य तापमानालाही थोडं सरकतं, आणि तळावर सहा-सहा तास बसणाऱ्या यानाला हा मुद्दा लागू होतो. पण ती खोड अभ्यासलेली आहे.)

हे रकाने भरायचे कसे? पूर्ण आकाराची पाच-सहा हलं बनवून, काही एकदाच फुटेपर्यंत दाबून, काही हजारदा दाबून. मानवी यानांना वर्गीकरण संस्था (यान तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या) हेच मागतात. २०१९ मध्ये डीएनव्ही या अशाच संस्थेने पूर्ण महासागर-खोलीसाठी प्रमाणित केलेल्या लिमिटिंग फॅक्टर या मानवी यानाचा गोल ९० मिमी टायटॅनियमचा होता, म्हणजे रकाने आधीच भरलेल्या धातूचा. दीड मीटर व्यासाची पाच कार्बन हलं फोडणं कुणाला परवडत नाही, आणि तेवढी मोठी दाबटाकीही जगात मोजक्याच ठिकाणी आहे. टायटनच्या मालकांनी वर्गीकरणच टाळलं.

२३० मिमीच्या पाच नळ्या फोडणं मात्र परवडतं. तिसऱ्या शंकेचं माझं उत्तर त्यामुळे असं: माणूस आत नाही म्हणून कार्बन चालेल असं नाही. नळी छोटी आहे, फोडून बघता येते, म्हणून चालू शकेल. पाच फोडायची तयारी नसेल तर टायटॅनियम घ्या.

---

कानोसा

दुसऱ्या शंकेबद्दल. सेन्सरना आवाज ऐकू येत होते. त्यांचा अर्थ लावायला कोष्टक नव्हतं.

लॅमिनेट पहिल्यांदा दाबलं की कमकुवत धागे आणि रेझिनचे कोपरे तुटतात, भरपूर आवाज होतो. हे अपेक्षित आहे. दुसऱ्यांदा तेवढाच दाब दिला तर आधीच्या कमाल दाबापर्यंत शांतता हवी. याला कैझर परिणाम म्हणतात. दर डुबकीला एक भागाकार करायचा: आवाज सुरू झाला तो दाब भागिले आजवरचा कमाल दाब. हा फेलिसिटी रेशो. आधी ३,००० मीटर गाठलेत आणि या खेपेला २,८०० वरच कडकड सुरू झाली तर ०.९३. फायबरग्लासच्या टाक्यांच्या चाचणीत ०.९५ ची रेघ बरीच वापरली जाते. पण एका आकड्यापेक्षा कल महत्त्वाचा. डुबक्या वाढतात तसं हल शांत होत जायला हवं. पुन्हा बोलू लागलं की ते म्हातारं झालं.

"धोका वाटला की वर येऊ" ही कल्पना मात्र मुळातच लंगडी. किंक बँड किंवा थर सुटणं एकदा अस्थिर झालं की पुढचं सगळं मिलिसेकंदांत उरकतं, आणि वर यायला लागतात तास. डुबकी चालू असताना ही यंत्रणा रक्षण करत नाही. दोन डुबक्यांच्या मध्ये, "उद्या जायचं की नाही" या निर्णयासाठी ती खरी कामाची, तेही लाल रेघ आधीच कुठल्यातरी फोडलेल्या नळीवरून ठरवली असेल तर.

टायटनच्या बाबतीत ती संधी आलीच होती. १५ जुलै २०२२ ला ८० व्या डुबकीत वर येताना मोठा धमाका ऐकू आला. त्यानंतरच्या डुबक्यांत स्ट्रेन गेजचा खोलीला मिळणारा प्रतिसाद बदललेला होता. नोंद फाइलमध्ये होती, काम थांबलं नाही. मग हिवाळाभर यान सेंट जॉन्सला उघड्यावर होतं. सुटलेल्या थरात पाणी शिरून गोठलं तर ते ९ टक्क्यांनी फुगतं, हे वेगळं सांगायला नको. १८ जून २०२३ ला ८८ व्या डुबकीत सुमारे ३,३५० मीटरवर संपर्क तुटला आणि पाच जण गेले.

तुमच्या नळीसाठी: दोन्ही टोकांना दोन-दोन आणि मध्ये एक असे पाच सेन्सर, १५० किलोहर्ट्झच्या आसपासचे. प्रत्येक डुबकीआधी नळीवर पेन्सिलची ०.५ मिमीची लीड मोडून सगळ्यांचा प्रतिसाद तपासा, कारण निघालेला सेन्सर आणि निरोगी नळी दोन्ही सारखेच शांत असतात. स्ट्रेन-खोली आलेखात तीन गोष्टी बघा: उतार बदलला का, जाताना-येतानाच्या रेषांमधलं अंतर वाढलं का, वर आल्यावर शून्यावर परतलं का. यातल्या दोन बदलल्या तर नळी बाद. तिसरीची वाट बघू नका.

---

खारावारा

सगळ्यांचे आभार. पाच फोडायचं बजेट नाही, तीन जमतील. मग टायटॅनियमच घेतो असं दिसतंय. पण १० मिमी पुरेल ना? यील्डप्रमाणे २.४ पट येतंय. आणि सिरॅमिक किंवा काचेचे गोल वापरून उचल मिळवावी का? कॅमेऱ्यासाठी ६० मिमीची खिडकीही लागेल.

---

दाबटाकी

यील्डप्रमाणे येतंय, पण टायटॅनियमच्या पातळ नळ्या बहुधा यील्डने जात नाहीत, बकलिंगने (एकदम चेपून) जातात. तुमचीच नळी खूप लांब असती तर बकलिंगचा दाब साधारण २८ मेगापास्कल निघतो, कामाच्या दाबापेक्षा कमी! ६०० मिमीवर दोन्ही झाकणं आधार देतात म्हणून विंडेनबर्ग-ट्रिलिंगच्या सूत्राने तो ५४ पर्यंत जातो. ठीक आहे, पण नंतर कुणी "बॅटरी बसत नाही, नळी मीटरभर करू" म्हणालं तर तो ३२ वर येतो आणि खेळ संपतो. शिवाय हे आकडे अचूक गोल नळीचे आहेत. अंडाकृतीपणा ०.२ मिमीच्या आत ठेवा, जाडीतला फरक ०.१ मिमी. मी १२ मिमी घेतली असती.

गेलेली १० किलो उचल सिंटॅक्टिक फोमने (काचेच्या पोकळ कणांच्या, दाब सोसणाऱ्या फोमने) भरून निघते. ५०० किलो प्रति घनमीटर घनतेचा फोम लिटरला सुमारे ५२५ ग्रॅम उचलतो, म्हणजे १९ लिटर. हवेतलं वजन त्यामुळे साडेनऊ किलोने वाढेल, तेवढं क्रेनला सांगा. फोमचा तुकडा २४ तास कामाच्या दाबाखाली ठेवून वजन करा. पाणी पीत असेल तर परत पाठवा.

काचेचे गोल हा जुना आणि चांगला मार्ग आहे. १७ इंची म्हणजे ४३२ मिमीचा गोल ६,७०० मीटरपर्यंतचा मिळतो आणि २५ किलोच्या आसपास उचल देतो. इलेक्ट्रॉनिक्सच त्यात बसत असेल तर नळीचा प्रश्नच मिटतो. दोन अर्धगोलांच्या घासलेल्या कडा जपा. कडेला नखाएवढा टवका उडाला की तो गोल निवृत्त, कारण पुढच्या फेऱ्यांत तो वाढतच जातो.

सिरॅमिकचं मात्र उदाहरण समोर आहे. वूड्स होल या संशोधन संस्थेचं नेरियस हे मानवरहित यान १० मे २०१४ ला कर्माडेक गर्तेत ९,९०० मीटरवर गेलं. उचलीसाठी त्यात सिरॅमिकचे पोकळ गोल होते आणि त्यातला एखादा फुटून यान गेलं असावं असं मानलं जातं. एक फुटला की त्याचा धक्का शेजारच्याला फोडतो, मग तिसरा. तुमच्या नळीच्या आत १९ लिटर पोकळी आहे. ३० मेगापास्कलला ती कोसळली तर सुमारे ५७० किलोज्यूल सुटतात, १३५ ग्रॅम टीएनटीएवढे. म्हणून काचगोलांच्या शेजारी तुमची प्रायोगिक नळी नको. वजन सोडायचा रिलीज आणि बीकन सांगाड्याच्या विरुद्ध टोकाला न्या.

आता चाचणी. टाकीत ठेवताना नळीच्या आत पाणी भरा आणि झाकणातून बारीक पाइप टाकीबाहेर काढून ब्युरेटला जोडा. कोसळली तरी ऊर्जा सुटत नाही, आणि नळी किती आकसते ते मोफत मोजलं जातं. तुमच्या १० मिमी टायटॅनियमला ३०.४ मेगापास्कलवर १०५ मिलीच्या आसपास पाणी बाहेर यायला हवं. आतून मध्यभागी ९० अंशांवर चार जोड्या स्ट्रेन गेज लावा. ३ मेगापास्कलची पायरी, प्रत्येकीवर ५ मिनिटं, मग १.२५ पट म्हणजे ३८ मेगापास्कलवर एक तास. दाबाविरुद्ध बाहेर आलेल्या पाण्याची रेषा सरळ राहिली पाहिजे. ती वर वाकू लागली, किंवा समोरासमोरच्या गेजमधले आकडे फाकू लागले, तर बकलिंग सुरू होतंय, तिथेच थांबा.

तीन नळ्या असतील तर एक फोडा, एक नियोजित डुबक्यांच्या चौपट फेऱ्या चालवा, तिसरी वापरा. कार्बनला मात्र १.२५ पटीची चाचणी हीच एक जखम असते. पास झालेली नळी चाचणीआधीच्या नळीपेक्षा कमकुवत असू शकते. म्हणून धातूची ही पद्धत कार्बनला जशीच्या तशी लावता येत नाही.

आणि माणूस नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका. तळाशी थोडी गळून वर येताना ओ-रिंग पुन्हा बसली तर नळी आत दाब घेऊन डेकवर येते. लिथियम बॅटरी भिजली असेल तर वर गॅसही. मग स्क्रू सैल करणाऱ्याच्या तोंडावर सहा किलोचं झाकण सुटतं. एका झाकणात रिलीफ व्हॉल्व्ह बसवा, आणि उघडताना कुणीही झाकणाच्या समोर उभं राहायचं नाही.

---

तन्यता

खिडकीचं राहिलं. ६० मिमी मोकळ्या व्यासाला सपाट सफायर घ्याल तर डिझाइन स्ट्रेस १०० मेगापास्कल धरून १८-२० मिमी जाडी लागते. बैठक आरशासारखी सपाट करा, मधे पातळ प्लास्टिकची गॅस्केट द्या. धातूचा एक बारीक कण खाली राहिला तरी तिथूनच तडा जातो.

अ‍ॅक्रिलिक घ्याल तर ९० अंशांचा शंकू, एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या पीव्हीएचओ-१ या मानकामधल्या (माणसं बसतात त्या दाबपात्रांसाठीच्या) तक्त्याप्रमाणे. ते दाबाखाली हळूहळू आत सरकतं, म्हणून मागे जागा सोडा आणि लेन्स खेटून ठेवू नका. पीव्हीएचओच्या हिशेबात अशा खिडकीचं आयुष्य १० वर्षं, चांगली दिसत असली तरी. तक्त्याबाहेरचा आकार वापरायचा तर नमुने फोडून, लांब काळ दाबून, फेऱ्या चालवून सिद्ध करावं लागतं. टायटनच्या सुरुवातीच्या खिडकीला बनवणारा १,३०० मीटरपर्यंतचीच हमी द्यायला तयार होता, असं २०१८च्या कोर्टातल्या कागदपत्रांत आलंय, तेही आकार तक्त्याबाहेरचा असल्यामुळे.

अ‍ॅक्रिलिक पुसायला साबणपाणी आणि मऊ कापड. अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, अमोनियावाला काचक्लीनर लावलात तर पृष्ठावर बारीक चिरांचं जाळं येतं. डेकवर लोक हाताला येईल ती बाटली उचलतात, तेव्हा खिडकीशेजारीच ठळक अक्षरांत लिहून ठेवा.